बाण न लावता सोडलेली दोरी

२१ सप्टेंबर, रविवार

वरच्या मजल्यावरची बाई आज परत दार वाजवून गेली. "तुमच्याकडे काही जळतंय का? केसांसारखा वास येतोय." येणारच. शिंग कानसलं की जळक्या केसांचाच वास येतो, मोगऱ्याचा येत नाही. तिला हसून सॉरी म्हटलं, दार लावलं आणि तोंडातल्या तोंडात चार शिव्या हासडल्या. तिच्याकडे रोज बांगडे तळतात तेव्हा मी जाते का तिचं दार वाजवायला?

खुदेजाने मला धनुष्य करायला सांगितलंय. खुदेजा म्हणजे अल हैलच्या किनाऱ्यावर बायकांना तिरंदाजी शिकवते ती सीबची ओमानी बाई. बलुची आहे, हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलते. मी तिच्याकडे नेम धरायला शिकायला गेले आणि नेमापेक्षा धनुष्यातच अडकले. नोव्हेंबरात ओमानच्या नॅशनल डेच्या सुट्टीत तिने मेळावा ठेवलाय. जो तो आपल्या हाताने केलेलं लांब लाकडी धनुष्य घेऊन येणार. सगळे पुरुष आणि एक मी. "तेरा नाम लिख दिया है," म्हणाली. म्हणजे आता शेपूट घालता येत नाही.

लाकूड बोरीचं. इथले लोक सिद्र म्हणतात. बरका गावच्या एका बागेत वादळात पडलेलं झाड उस्मानच्या वखारीत आलं, त्यातला सरळसोट ओंडका मी उभा चिरून घेतला. दोन दांडे निघाले. दोन्ही मागच्या खोलीत एसीशिवाय सुकवले. शिंगं म्हशीची, सावंतवाडीहून पापडाच्या डब्यात घालून आणलेली. आजोबा शिंगाचे कंगवे करायचे, बाबा लाकडी खेळणी. मला लग्नानंतर कुणी विचारलंच नाही तुला काय येतं म्हणून. मीही सांगितलं नाही.

गुरुदत्त आज मागच्या खोलीत डोकावला. रुसैलच्या पाईपांच्या कारखान्यात हा क्वालिटी कंट्रोलला आहे आणि घरातही तेच चालू असतं. टोमॅटोसुद्धा उजेडात धरून बघतो. दांडा हातात घेतला आणि लाकडातल्या गाठीजवळ नखाने टकटक करत बसला. "इथे आवाज जरा वेगळा येतोय." म्हटलं, "हा पाईप नाहीये. ठेव खाली." ठेवला. वर "बरं" म्हणाला. या माणसाच्या "बरं"चा मला अतोनात राग येतो.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बसली एकदाची! दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या बसल्या.

चार दिवस नुसता छळ होता. शिंगाच्या आत निमुळतं भोक पाडायचं, दांड्याचं टोक पेन्सिलीसारखं तासायचं आणि ते आत असं बसवायचं की मध्ये वारा शिरता कामा नये. कुठे अडतंय ते दिसत तर नाही. म्हणून मी भोकात कुंकू लावते. टोक आत घालून काढलं की जिथे लाल लागलं तेवढंच मरफ्याने, म्हणजे जाड दातांच्या कानशीने, घासायचं. पुन्हा घालायचं, पुन्हा काढायचं. अंतरा बघत होती. "आई, तू बो-ला कुंकू लावतेस? सो क्यूट!" क्यूट म्हणे! इथे मान मोडून आली. लेकीला बारावीचा अभ्यास सोडून सगळं क्यूट दिसतं.

मग टोप्यांवर दोरीसाठी खाचा पाडल्या, धनुष्य भिंतीवर आडवं टांगलं, दोरी हळूहळू खाली ओढत धनुष्याचे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरची आणि खालची बाजू, सारखे वाकतात का ते बघितलं. वरचा हात जरा ताठ होता. गाठीच्या खाली थोडं घासलं, आला वळणावर.

संध्याकाळी किनाऱ्यावर खुदेजाने पहिला बाण सोडला. मग मी. कसला गोड सुटला! खुदेजा एकच गोष्ट सारखी बजावत असते: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. जी ताकद बाणातून निघून जायची ती मग उलटी लाकडात घुसते आणि धनुष्य मोडतं. तिच्या क्लासमध्ये हे न ऐकणाऱ्या मुलीला ती सरळ घरी पाठवते.

मी खूश आहे. लिहून ठेवते, कारण असं वारंवार होत नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पाटावर रंधा, करवत, मरफा, कानशी मांडल्या. गुरुदत्तने आपला व्हर्नियर कॅलिपर आणून ठेवला, दरवर्षी ठेवतो. मध्ये धनुष्य, दोरी उतरवून. झेंडू रुवीहून आणले.

पूजा झाल्यावर म्हणतो, "उद्या प्रसाद सर येणार आहेत सोनं द्यायला. विशाखावहिनी पण." प्रसाद म्हणजे याचा जनरल मॅनेजर, विशाखा त्याची बायको. याचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय, पुढच्यावर सही त्याची. "जरा नीट बोल त्यांच्याशी," म्हणाला. म्हटलं, "मी कधी वाकडं बोलते?" तर कॅलिपर पुसायला लागला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल लिहिणं शक्यच नव्हतं.

सात वाजता आले. प्रसाद, विशाखा आणि मराठी मंडळातली दोन कुटुंबं. आपट्याची पानं इथे कुठली, कागदाची कापलेली. सोनं दिलं-घेतलं, पाया पडणं झालं. प्रसादचं लक्ष धनुष्याकडे गेलं. "अरे वा! वहिनी, हे तुम्ही केलंत? दोरी लावून दाखवा की!" गुरुदत्त म्हणाला, "दाखव ना." आणि मला मेलीला मिरवायची हौस. लावली दोरी, दिलं हातात. स्पष्ट सांगितलं, "नुसतं धरा. ओढू नका, बाण नाहीये." मान डोलावली की त्याने! मी बासुंदी आणायला आत गेले.

आतून ऐकते आहे: "अंतरा, फोटो काढ गं! असा, असा बघ!" हसणं. आणि मग फाट्कन आवाज. बाहेर आले तर वरचा हात मधोमध मोडून लोंबतोय, आणि शिंगाची टोपी लाकडाचा कपचा घेऊन टीव्हीमागे उडालेली. पूर्ण ओढून सोडून दिली त्याने. बाण न लावता. पोझ म्हणून!

आणि लोकांनी काय करावं? टाळ्या! टाळ्या वाजवल्या! "शिवधनुष्य मोडलं! वरमाला आणा वरमाला!" विशाखा पदर तोंडाला लावून लाजल्यासारखं करते आहे. मी हातात बासुंदीची वाटी घेऊन उभी. मेल्याचे हात कसे मोडले नाहीत!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. प्रसाद जरा ओशाळला होता. "सॉरी हं वहिनी, मी काही जोर लावला नाही—" आणि तेवढ्यात गुरुदत्त. खाली वाकला, तुकडा उचलला, ट्यूबलाइटखाली नेऊन बघितला, अंगठा फिरवला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लाकडात दोष होता."

प्रसादचा चेहरा असा खुलला! "बघा! मी म्हणतोच, एवढ्याशा ओढण्याने कसं मोडेल?" झालं. माझं लाकूड नासकं, साहेब निर्दोष. चार तोंडांनी बासुंदी खाल्ली आणि गेले.

मी भांडी घासत होते तर तुकडे घेऊन आला. "तेजश्री, एकदा बघ तरी. मग बोल."

"काय बघू? साहेबाला वाचवायला बायकोचं काम नासकं ठरवलंस!"

"मी कुणाला वाचवलं नाही. मला जे दिसलं—"

"एक शब्द बोलू नकोस!" त्याच्या हातातून ओढून घेतले तुकडे. जुन्या चादरीत गुंडाळले आणि कपाटावर बॅगांच्या मागे कोंबले. मला बघायचे नाहीत आणि त्यानेही बघायचे नाहीत.

सहीसाठी माणसाने किती वाकावं! बाहेर मान ताठ ठेवून फिरतो, म्हणे मी कधी खोटा रिपोर्ट दिला नाही. घरातल्या बाईचा दिला की काल!

५ ऑक्टोबर, रविवार

अंतराने काढलेला फोटो नव्हता, व्हिडिओ होता. मंडळाच्या ग्रुपवर फिरतोय. खाली हसणारे चेहरे, धनुष्यबाण, झेंडे. "प्रसादजी, आता राज्याभिषेक कधी?" उचलली जीभ लावली टाळ्याला.

विशाखाचा फोन. "मनाला लावून घेऊ नकोस गं. दुसरं करशील. तुला काय, वेळच वेळ!" मी म्हटलं, "हो ना." फोन ठेवल्यावर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही, ही वही उद्या अंतराच्या हाती पडायची.

गुरुदत्तशी बोलणं बंद. तो बोलायचा प्रयत्न करतो, मी नळ सोडते.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

खुदेजा आली होती. घटना ऐकून तिने मनगट कपाळावर मारून घेतलं. मग म्हणाली, "टुकड़ा दिखा." मी म्हटलं, फेक दिया. "टूटा हुआ कोई फेंकता है? पता कैसे चलेगा कहाँ से टूटा?" मला तिचाही राग आला. कहाँ से म्हणजे? प्रसादच्या हातातून टूटा!

"खलास," ती म्हणाली. "नॅशनल डे को मुझे धनुष चाहिए, कहानी नहीं. यल्ला, दूसरा बना."

दुसरा दांडा आहे. त्याच ओंडक्याचा, पहिल्याची जुळी बहीण म्हणा ना. काढला. आज रंध्याला अशी बसले की दुपारचा भात करपला. बाकीच्यांनी तोच खाल्ला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

फराळ केला. गुरुदत्तला बेसनाचे लाडू आवडतात, म्हणून रव्याचे केले. त्याने दोन खाल्ले आणि चांगले झालेत म्हणाला. याला काही टोचतच नाही!

घरात सगळं अंतराच्या मार्फत. "बाबांना सांग चहा झाला." "आईला विचार बिल भरलं का." काल ती वैतागली. "मी नाही सांगणार! तुम्ही दोघं एका रूममध्ये आहात! आई, बाबा जेवत नाहीत नीट, तुला दिसत नाही का? ही हॅज लॉस्ट सो मच वेट." वजन कमी झालं तर बरंच आहे, डॉक्टर केव्हाचे सांगतायत.

आज हा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी घासतच होते.

"हाही त्याच झाडाचा ना?"

मी मरफा आणखी जोरात फिरवला.

"घाई करू नकोस. शिंग बसवायच्या आधी एकदा गाठीपाशी—"

"अंतरा!" मी ओरडले. "बाबांना सांग, पाईपांकडे बघायला!"

गेला. पाठीमागून शर्ट खरंच ढगळ दिसत होता. पण मी काय करू? एकदा, फक्त एकदा त्याने चारचौघांत म्हणायचं की धनुष्य चांगलं होतं. चारचौघांत पाडलं, तर चारचौघांत उचलायला नको? मला दुसरं काही नको आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

म्हणाला! गुरुदत्त म्हणाला!

काल संध्याकाळी कुरुमला प्रसादच्या घरी दिवाळीचं बोलावणं होतं. मी जाणार नव्हतेच, अंतराने ओढून नेलं. सगळं मंडळ तिथे. प्रसाद खुशीत होता, गुरुदत्तच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होता, "हा माझा हिरा! दोन वर्षांचं एक्स्टेन्शन तयार आहे, रविवारी सही करतो." लोकांनी अभिनंदन केलं. मग कुणीतरी तो मेला व्हिडिओ काढला आणि झालं सुरू. प्रसाद परत उभा राहून पोझ देऊन दाखवतोय, "मी फक्त एवढंच ओढलं! लाकूडच नासकं निघालं, काय हो गुरुदत्त? तुम्हीच सर्टिफिकेट दिलंत!" सगळे खो खो हसतायत. माझ्या हातातल्या चकलीचा चुरा झाला.

गुरुदत्तने बशी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "सर, लाकूड चांगलं होतं. तेजश्रीने सांगितलं होतं ओढू नका. तुम्ही बाण न लावता सोडलंत, त्याने कुठलंही धनुष्य मोडतं. मी त्या दिवशी चुकीचं बोललो."

विशाखा म्हणाली, "कुणाला आणखी चिवडा?" कुणालाच नको होता. प्रसाद हसला, पण ते हसू ओठांपर्यंतच.

आम्ही लवकर निघालो. गाडीत मीच बोलले. इतक्या दिवसांनी. "एवढा वेळ लागला तुला?" तो म्हणाला, "हो, लागला." रिकाम्या रस्त्यावरही गाडी चाळीसनेच चालवत होता. दमला होता बहुतेक. घरी आल्यावर बेसन भाजायला घेतलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सही झाली नाही. रविवारी "जरा थांबा," मंगळवारी "हेड ऑफिसला बघतायत," आज तर केबिनमध्ये घेतलंच नाही. दुसरा एक पोरगा याच्याबरोबर फिरवतायत, काम समजून घ्यायला. समजलं आम्हाला!

असला हलका माणूस. स्वतः चूक करायची आणि दाखवली की डूख धरायचा. चोराच्या उलट्या बोंबा! डिसेंबरनंतर व्हिसा नाही. अंतराची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. तिला कुठे ठेवायचं, घर कसं हलवायचं, पन्नाशीला आलेल्या माणसाने पुण्याला जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? गुरुदत्त म्हणतो, "बघू." मी म्हणते बघू काय बघू, तू खरं बोललास, तुझी मान ताठ आहे, तुला कसली भीती! त्याने बेसनाचा लाडू अर्धाच खाल्ला.

मला त्याचा अभिमान वाटतो, हे त्याला सांगितलं आज. त्याने खाली बघितलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

देवा, मी काय करू?

सकाळी दुसऱ्या धनुष्याचा वरचा हात घासत होते. गाठीपाशी मरफा एकदम खचला. लोण्यात गेल्यासारखा आत. उपसला तर पांढरा भुसा, पिठासारखा मऊ. टोकरून बघितलं. किडा आरपार पोखरून गेलाय, बोटभर लांब बीळ. वरून एक ठिपकासुद्धा नाही.

खुर्ची घेतली, कपाटावरून चादर काढली, गाठ सोडली. दसऱ्यापासून पहिल्यांदा बघितले ते तुकडे. मोडलं होतं बरोबर गाठीपाशी. मोडल्या जागी भोक. आत तसाच भुसा.

लाकडात दोष होता.

गुरुदत्त संध्याकाळी आला तेव्हा दोन्ही जेवणाच्या टेबलावर ठेवले होते. त्याने बूटही काढले नव्हते.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"दसऱ्याला तुकडा हातात घेतला तेव्हाच दिसलं. म्हणून तर म्हणालो दोष आहे. सरांनी ओढलं नसतं तर कदाचित टिकलं असतं काही दिवस. पण दोष होता."

"मग प्रसादच्या घरी लाकूड चांगलं होतं म्हणालास ते?"

"ते खोटं." पाईपाचा व्यास सांगतो तशा आवाजात म्हणाला.

"का पण? का?"

तो टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करत होता. "तू बोलत नव्हतीस ना," म्हणाला.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, अंतरा खोलीतून धावत आली. मी बोलले नाही म्हणून नोकरी फेकलीस? मी काय, चार दिवसांनी बोललेच असते! मला हलवून सांगायचं होतंस, थोबाडीत मारून तो तुकडा डोळ्यांसमोर धरायचा होतास! "दोनदा आलो होतो सांगायला," म्हणाला. आला होता. मला आठवतंय ना. मीच नळ सोडत होते, मीच अंतराला हाका मारत होते.

माझ्या रागाची एवढी किंमत करायला कुणी सांगितलं होतं याला? राग माझा रोजचा आहे. वरच्या बाईवर असतो, भातावर असतो. त्यासाठी कुणी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलतं का? तेही सहीच्या तोंडावर?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज रुसैलला गेले. गुरुदत्तला न सांगता. तुकडे पिशवीत घालून, सरळ प्रसादच्या केबिनमध्ये. रात्रभर वाक्यं जुळवली होती. माझ्यासारखीने माफी मागायची म्हणजे जीभ गिळण्यासारखंच.

पण मागितली. तुकडे टेबलावर ठेवले. म्हटलं, "लाकूड किडलेलं होतं. मला आत्ता कळलं. तुम्ही बाण न लावता सोडलंत हेही खरं आहे, ते मी मागे घेणार नाही. पण दसऱ्याला गुरुदत्त जे बोलला ते खरं होतं. दिवाळीला खोटं बोलला, ते माझ्या रागापायी. तुमचा अपमान झाला तो माझ्यामुळे झाला. त्याची सही अडवू नका."

प्रसादने तुकडा उचलून बघितला. चहा मागवला. मला वाटलं, झालं काम.

"वहिनी, खरं सांगू? मी या आठवड्यात सही करणारच होतो. चिडलो होतो. पण चिडणार किती दिवस? त्याच्यासारखा माणूस मिळत नाही. तो म्हणाला पाईप बाद, की मी डोळे मिटून बाद करतो. मालक ओरडले तरी." तुकडा खाली ठेवला. "दिवाळीला मला वाटलं, आपल्याला तोंडावर खरं ऐकवलं याने. राग आला, पण मनात म्हटलं, हाच तो गुरुदत्त. आता तुम्ही येऊन सांगताय की ते खोटं होतं. बायको रुसली म्हणून."

"एका धनुष्यासाठी बोलला हो! घरातल्या गोष्टीसाठी!"

"चारचौघांत, स्वतःच्या डोळ्यांनी दोष बघून, चांगलं आहे म्हणाला. आमचे पाईप पिण्याच्या पाण्याचे आहेत, वहिनी. उद्या आणखी कुणी रुसलं तर?"

मी उठलेच. "नाकाने कांदे सोलू नका! हजार वेळा सांगून दोरी सोडणारे तुम्ही, टाळ्या घेणारे तुम्ही, आणि विश्वासाच्या गोष्टी मला सांगता?" आणखीही बरंच बोलले. बाहेरचे लोक काचेतून बघत होते. तो खरंच सही करणार होता की मी आयतं निमित्त नेऊन दिलं, ते देव जाणे. तुकडे पिशवीत भरले आणि निघाले. चहा तसाच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुदत्तला कुणीतरी सांगितलं असणार, पार्किंगमध्ये धावत आला. गाडीत बसला. मी सगळं सांगितलं, अक्षरन् अक्षर. मला वाटलं आता तरी हा चिडेल. प्रसादवर, माझ्यावर, कुणावर तरी.

"बरोबरच आहे त्यांचं," म्हणाला.

"बरोबर? काय बरोबर? एका वाक्यावरून इतक्या वर्षांची नोकरी?"

"मी त्यांच्या जागी असतो तर मीही नसती केली सही."

मी स्टीअरिंगवर मुठी आपटल्या. हॉर्न वाजला, गेटवरचा माणूस दचकला. कसला माणूस पदरात घातलाय देवाने! स्वतःलाही बाद करतो! मी ओरडून विचारलं, "आणि परत असं झालं तर? मी परत अशीच गप्प बसले तर? परत बोलशील खोटं?"

त्याला कुठलाही प्रश्न विचारा, तो विचार करूनच उत्तर देतो. समोर कामगारांची बस रिकामी होत होती, तिच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "हो."

मी रडले. रागानेच रडले. त्याने मागच्या सीटवरून टिश्यूचा डबा काढून दिला आणि परत कामावर गेला, शिफ्ट संपली नव्हती म्हणून.

खुदेजाला फोन करून नाव काढायला सांगितलं. लाकूड उरलं नाही. ती म्हणाली इन्शाल्ला अगले साल. अगले साल मी इथे नसेन, ते तिला सांगवलं नाही.

आता तो आलाय, बाहेर अंतराशी बोलतोय. पुण्यातल्या कॉलेजांची नावं ऐकू येतायत. आवाज नेहमीसारखाच, काही झालंच नाही असा. मी त्याच्यावर इतकी चिडले आहे की महिनाभर याच्याशी एक शब्द बोलू नये असं वाटतंय. पण आता याच्याशी अबोला धरायची मला भीती वाटते.